बाब्याची आई

"अगं कालिंदी, ही तर डावखुरी आहे!"

बर्वेकाकूंनी हे म्हटलं तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं आणि पोळपाटावर अर्धा लाटलेला उडदाचा पापड. मिरजेच्या आमच्या घराच्या गच्चीवर आम्ही शेजारणी पापड लाटायला बसलो होतो. रविवार होता. रविवार असला की पापड असोत की बारसं असो, आधी पेपरातली पुरवणी उलगडायची आणि 'बाब्या आणि फौजदार' वाचायचं, हा गल्लीचा नेम. कारण ती चित्रमालिका आमच्या ह्यांची होती. हे म्हणजे त्र्यंबक सोवनी, शाळेतले ड्रॉइंग मास्तर. बाब्या म्हणजे एक वांड पोरगा आणि फौजदार म्हणजे त्याचं कुत्रं. दर रविवारी चार चौकटी, आणि त्या चार चौकटींवर अख्खा महाराष्ट्र हसायचा, निदान मला तरी तसं वाटायचं.

त्या रविवारी बाब्याची आई पोळ्या लाटत होती. बाब्या एकेक पोळी फौजदाराला घालत होता. शेवटच्या चौकटीत आई विचारते, "पोळ्या कुणी खाल्ल्या?" आणि बाब्या सांगतो, "फौजदार चौकशी करताहेत." कुत्र्याचं तोंड पोळीने गच्च भरलेलं. आम्ही सगळ्या खो खो हसलो. बर्वेकाकू मात्र चष्मा सावरत पेपर डोळ्यांशी नेऊन बघत राहिल्या आणि मग त्यांनी ते वाक्य टाकलं.

"कोण डावखुरी?" मी विचारलं.

"बाब्याची आई गं. बघ की. लाटणं डावीकडून रेटतेय. मागच्या खेपेला बाब्याचा कान पिळला तोही डाव्याच हाताने. आणि तू तर चांगली उजव्या हाताची."

सगळ्याजणी माझ्या हाताकडे बघायला लागल्या. मीही बघितलं. जणू तो रात्रीतून बदलला असेल.

"काढला असेल घाईघाईत," मी म्हटलं आणि पापड लाटायला घेतला. तो असा फाटला की परत गोळा करावा लागला.

आता ह्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. ती चित्रं हे बाब्याच्या आणि कुत्र्याच्या उंचीवरून काढत. त्यामुळे मोठ्या माणसांची तोंडं चौकटीत कधी यायचीच नाहीत. बाबांची नुसती पायजम्याची टोकं आणि पेपर. आईचे पाय, पदराचं टोक आणि हात. लाटणं उगारणारा हात, भात कालवणारा हात, बाब्याची चड्डी ओढून धरणारा हात. तोंड नसलं तरी सगळ्या गावाला ठाऊक होतं की ही कोण. बाब्या म्हणजे आमचा अभय, त्याच्या गुडघ्यावरच्या खपलीसकट. फौजदार म्हणजे आमच्या गल्लीतलंच तांबडं कुत्रं, एक कान पडलेलं. मग आई कोण? मीच की! भाजीवाली मला 'बाब्याची आई' म्हणून चार मिरच्या जास्त टाकायची. किराणावाला वाट करून द्यायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि ह्यांनी मला एक गजरा कधी आणला नव्हता, पण दर रविवारी माझा हात पेपरात छापून येत होता, आणि त्याच भरवशावर माझा संसार चालला होता म्हणा ना.

पापड वाळत घालून मी खाली आले ती थेट कपाटाकडे. जुन्या पुरवण्या फडताळात अंथरलेल्या होत्या. डबे बाजूला सारले आणि एकेक बघत गेले. डावा. डावा. परत डावा. आमटी ढवळताना डावा, खराट्याने फौजदाराला हाकलताना डावा. एकदासुद्धा चुकून उजवा नाही. घाईघाईत म्हणे! वर्षानुवर्षं घाई असते का कुणाला?

पोरगा खरा, कुत्रं खरं, आणि आई तेवढी परकी! मी डबे तसेच ठेवून पाटावर बसले. कुत्र्याला जागा होती हो त्या चार चौकटींत. ज्याला मी रोज दगड दाखवत होते त्या कुत्र्याला. मला नव्हती.

संध्याकाळी हे नेहमीसारखे कामाला बसले. ह्यांची बसायची जागा माजघरात, भिंतीला तोंड करून. पाठ स्वयंपाकघराकडे. मी चुलीपाशी बसून काहीही बोलले तरी मला उत्तर यायचं ते पाठीकडून, आणि तेही "हं" एवढंच. बाब्याचा चेहरा काढायचा असला की हे भिंतीवरच्या दाढीच्या आरशात बघून तोंडं वेंगाडायचे, असं मला त्यांनीच सांगितलं होतं. ती मजाही त्या पाठीपलीकडेच राहायची. माणूस म्हणून वळून बघणं मात्र नाही.

मी कणीक मळता मळता म्हटलं, "अहो, बाब्याच्या आईचं नाव काय?"

"आईला कशाला नाव? आई म्हणजे आई."

"पण ती कुणावरून काढता?"

पेन्सिल थांबली. मग परत सुरू झाली. "सुचते तशी."

"सुचते म्हणजे कुठून तरी सुचत असेल ना?"

"हं," पाठ म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं! ती पेन्सिल थांबलेली मी माझ्या कानांनी ऐकली होती. म्हणजे कुणीतरी होती. आणि कोण, ते पोळ्या लाटतानाच माझ्या डोक्यात लख्खकन आलं. हेमा टिळेकर.

हेमा टिळेकर ह्यांच्याच शाळेत शिवण शिकवायची. तिशीची, बिनलग्नाची, गव्हाळ, हसली की गालाला खळी. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पडदा रंगवायला हे आणि पडदा बेतायला ती. मी अभयला घेऊन डबा द्यायला गेले होते तेव्हा रंगमंचावर मांडी घालून ती कराकरा कापड कापत होती, डाव्या हाताने. मला चांगलं आठवत होतं, कारण मी मनात म्हटलं होतं की अशा हाताला कात्री कशी चालते. आणि हे हातात ब्रश घेऊन तिच्याकडे बघत हसत होते. समोरून. वळून.

तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचे दिवस मी घरात कशी वावरले ते माझं मला माहीत. आमटीत मीठ जास्त, नाहीतर अजिबात नाही. "आज बरं नाही का तुला?" ह्यांनी विचारलं, अर्थात पाठ करूनच. "मला काय धाड भरलीय!" मी म्हटलं. अभयने शाळेतून येऊन, "आई, आमच्या टिळेकर बाई म्हणाल्या..." एवढं म्हटलं तर त्याला मी खेळायला पिटाळलं. बिचारा दफ्तरासकट गेला.

सरळ विचारावं तर पुरावा हवा. तेवढ्यात चैत्रगौर आली. मी ठरवलं, हळदीकुंकवाला हिला बोलवायचं. नुसतं बोलवायचं नाही, लवकर बोलवायचं, मदतीला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर तिला बसवायची आणि बघायचा तो हात एकदा जवळून.

"अय्या, मी नक्की येईन वहिनी," हेमा म्हणाली. "सरांच्या घरी कधी यायला मिळणार म्हणून मी वाटच बघत होते."

वाट बघत होती! ऐकलंत?

त्या दिवशी दुपारी हे अभयला घेऊन बाहेर गेले. बायकांचा घोळका जमायचा म्हटलं की ह्यांना घर नको व्हायचं. हेमा आली ती अबोली माळून. पायांवर पाणी घेतलं, गौरीला नमस्कार केला, आरास बघून "किती छान!" म्हणाली. मला ते कौतुकही गोड लागेना. मी तिला माझ्याच पाटावर, चुलीपाशी बसवलं आणि पुढ्यात कैऱ्या नि किसणी ठेवली. वाटलेली डाळ तयार होती, तिच्यात कैरी किसून घालायची होती.

तिने किसणी उजव्या हाताने धरली आणि कैरी डाव्या हातात घेतली. किस पडायला लागला.

"डावखुऱ्या दिसता," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं.

"हो ना." ती जराशी लाजली. "हळदीकुंकू मात्र उजव्या हाताने लावते हं, घाबरू नका. आईने तेवढं बळंच शिकवलं. बाकी काही जमलं नाही. लहानपणी ती माझ्या डाव्या हाताला फडकं बांधून ठेवायची. वाढायला घेतलं की पाहुण्यांदेखत हातावर चापट. सासरी कोण खपवून घेईल ही डावरी, म्हणायची." ती हसली. "सासरच आलं नाही, म्हणजे प्रश्नच मिटला."

 खरं तर एरवी मला वाईट वाटलं असतं.

"म्हणून मला बाब्याची आई फार फार आवडते," ती पुढे म्हणाली. "वहिनी, मी तर पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. म्हटलं, अरे, ही आपल्यातली! डाव्या हाताने खुशाल पोळ्या लाटतेय, वाढतेय, आणि घरात कुणी तिला बोलत नाही. मी तर चित्रं कापून माझ्या आईला पाठवायची. म्हटलं बघ, पेपरात आलीय डावरी आई."

म्हणजे हिला ठाऊक होतं! आणि तेही माझ्याच पाटावर बसून मलाच सांगत होती, वर हसून. मला कळेना की हिला मेलीला लाज नाही की कपट नाही.

"सरांना विचारलं नाहीत कधी, कुणावरून काढता म्हणून?" मी विचारलं. माझा आवाज मलाच किनरा वाटला.

"छे बाई! त्यांच्याशी बोलायचं म्हणजे... हो नाहीतर हं. पडदा रंगवला तेव्हा आठ दिवस शेजारी बसलो, पण अभयचं आणि तुमचं सोडून एक वाक्य नाही."

"माझं?"

"तुम्ही पुरणपोळी कशी लाटता म्हणे. हवेत करून दाखवत होते, मी हसून हसून मेले." तिने किसणी झटकली. "वहिनी, पुढच्या रविवारचं चित्र तयार आहे का? दाखवा ना. मी कुणाला नाही सांगणार."

माझी पुरणपोळी हिच्यासमोर हवेत लाटतात, आणि छापायला हात हिचा! मी तरातरा माजघरात गेले. चित्र टेबलावरच पडलं होतं, शाई अजून चढवायची होती. उभ्याने नीट दिसेना म्हणून मी ह्यांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी आजवर कधी बसले नव्हते. पहिल्या चौकटीत बाब्या फौजदाराला आंघोळ घालत होता, दुसरीत आईचा हात साबण हिसकावून घेत होता. मी तो हात निरखायला लागले. हेमाची बोटं लांब होती. ही आखूड होती. मनगटाशी एक बारीक रेघ होती, भाजल्याच्या डागासारखी. मी चित्र उजेडाकडे धरायला मान वर केली.

समोर तो दाढीचा आरसा होता. मला वाटलं माझं तोंड दिसेल. दिसलं नाही. आरशाच्या वरच्या टोकाला, मागे, कागदाची जाड घडी सारून तो पुढे झुकवलेला होता, आणि जरासा तिरकाही. त्यात दिसत होतं ते मागचं स्वयंपाकघराचं दार, आमची चूल, माझा पाट आणि पाटावर बसून कैरी किसणारी हेमा, डोक्यातल्या अबोलीपासून पायाच्या बोटांपर्यंत. आणि ती उजव्या हाताने किसत होती.

मी वळून बघितलं. डावा.

परत आरशात. उजवा.

"वहिनी, सापडलं का?" हेमाने तिथूनच विचारलं, आणि आरशातल्या हेमाने उजव्या हाताने कपाळावरची बट मागे सारली.

 मी माझ्या मनगटाकडे बघितलं. तिथे अनारसे तळताना भाजलेला डाग होता. उजव्या मनगटावर. आरशासमोर हात धरला तर डाव्या.

"सापडलं," मी म्हटलं. चित्र नेऊन तिच्या हातात दिलं आणि पाणी प्यायला वळले. 

मग बायका आल्या. मी डाळ वाढली, पन्हं दिलं, हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. हेमाला दोनदा डाळ वाढली आणि जाताना घरच्या कैरीच्या लोणच्याची बाटलीही दिली. "अहो, एवढं कशाला?" ती म्हणाली. तिला काय सांगणार?

आणि खरं सांगू? माझा जळफळाट संपला असेल असं तुम्हाला वाटेल. छट्! फक्त माणूस बदललं. आता मला त्या आरशातल्या बाईचा हेवा वाटायला लागला. ती पोळ्या लाटत होती, चुलीवर फुंकर मारत होती, घाम पुसत होती, आणि कुणीतरी काम टाकून तिच्याकडे टक लावून बघत होतं. वर्षानुवर्षं. तिला ते सगळं मिळालं, आणि मला मिळाली ती नुसती पाठ. मी इथे जिवंत बसले होते की हो, हातभर अंतरावर!

दिवेलागणीला हे आले. अभय गौरीपुढचे हरभरे खिशात भरून परत बाहेर पळाला. हे खुर्चीत बसले आणि शाईची दौत उघडली. मी चुलीपाशी.

"अहो," मी म्हटलं, "तो आरसा कशाला लावलाय?"

"हं? तोंडं करून बघायला. सांगितलं होतं ना."

"त्यात तोंड दिसत नाही. मी बसून बघितलंय."

पाठ एकदम ताठ झाली. ह्यांचे कान मागून लाल झालेले मला दिसले. दौतीचं झाकण हे उगाच लावत-काढत राहिले.

"काढायला लागतात हात," हे शेवटी म्हणाले. "नुसते मनाने नाही येत."

"आणि रोज बघायला लागतात? ज्या दिवशी काढत नाही त्या दिवशीही?"

ह्यांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"मग सरळ वळून का नाही बघितलंत?" माझा आवाज चढला, आणि चढता चढता मध्येच फुटला. "अकरा वर्षं मी तुमच्या पाठीशी बोलतेय! त्या काचेत बघता, मग माझ्याकडे बघायला काय मान आखडते?"

"वळून बघितलं की तू विचारतेस," हे म्हणाले.

"काय विचारते?"

"काय हवंय, म्हणून. पहिल्या वर्षापासून. मी बघितलं की तुझं सुरू, काय हवंय, पाणी हवंय का, चहा टाकू का. आणि उठतेस. लाटणं ठेवून उठतेस." हे थांबले. "मला काही नको असायचं."

 खरंच होतं ते. आमच्या घरात बाईकडे पुरुषाने बघितलं म्हणजे काहीतरी हवं असणार, असंच मी जन्मापासून बघत आले होते. माझ्या आईला माझे वडील दुसऱ्या कशासाठी हाक मारत नसत.

"आणि तुमची ती बाब्याची आई डावखुरी झालीय, ते माहीत आहे का?" मी म्हटलं, डोळे पदराने पुसत.

"कोण डावखुरी?"

"आरशात बघून काढता ना? उजव्याचा डावा होणार नाही तर काय होणार! पदर तेवढा आठवणीने बरोबर बाजूला काढलात, आणि हात तसाच."

हे चित्राकडे बघत राहिले. मग आरशाकडे. मग स्वतःचा हात आरशासमोर धरून बघितला आणि कपाळावर थाड्कन मारून घेतला. "अरे देवा! आणि मी पोरांचे मार्क कापतो! सगळी चित्रं? पहिल्यापासून?" पेन्सिल उचलली, खोडरबर शोधायला लागले. "हे तरी आत्ता सुधारतो."

"नको," मी म्हटलं.

"अगं, चूक आहे ती."

"असू दे चूक. मिरजेत एका बाईला ती चूक फार आवडते. आता बाब्याच्या आईला उजवी केलीत तर गाठ माझ्याशी आहे."

हे काही समजले नाहीत, पण खोडरबर खाली ठेवलं. मग बसल्या जागी जरा चुळबुळले. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले, आणि खुर्ची वळली. पूर्ण वळली. हे समोरून माझ्याकडे बघायला लागले.

बाई गं, काय अवघड असतं ते! हात कुठे ठेवावा कळेना. केस विस्कटलेले, कपाळावर कुंकू घामाने ओघळलेलं, लुगड्याला डाळीचा डाग. तोंडाशी आलंच होतं ते नेहमीचं वाक्य, आणि उठायला गुडघाही उचलला होता. मी तो परत खाली टेकला आणि पोळपाट पुढे ओढला.

"बघा," मी म्हटलं. "हवं तेवढं बघा. मी काही विचारत नाही."